खालून धरणारी

माझी धाकटी बहीण वयाच्या अडतिसाव्या वर्षी खांबावर चढायला लागली तेव्हा घरात सगळ्यात आधी हसलो तो मी. खांब म्हणजे जमिनीपासून छतापर्यंत घट्ट बसवलेला, मनगटाएवढ्या जाडीचा, स्टीलचा गुळगुळीत दांडा. त्यावर चढायचं, गिरक्या घ्यायच्या, मांड्यांची पकड घालून उलटं लटकायचं, आणि हे सगळं कुणी जबरदस्ती केलेली नसताना. मी तिला म्हटलं, "एवढीच हौस असेल तर रस्त्यावर विजेचे खांब आहेत की." ती म्हणाली, "दादा, तू आधी चढून दाखव." विषय तिथेच संपला, कारण मला दुसऱ्या मजल्यावर जातानाही धाप लागते.

तिला आम्ही खारू म्हणतो. लहानपणी दाराच्या चौकटीत हातपाय टेकवून ती पार वरपर्यंत चढायची आणि आईने हाक मारली की तिथूनच ओ द्यायची. खारूताईचं पुढे खारू झालं. आता ती शेहेचाळीस वर्षांची आहे, केस कापायच्या दुकानात काम करते आणि आमच्या खालच्या मजल्यावर आईबरोबर राहते. तिचा नवरा कामासाठी म्हणून दुसऱ्या शहरात गेला आणि तिकडचाच झाला. त्याच्याबद्दल बोलायचं आमच्या घरात कुणी ठरवून बंद केलं नाही, ते आपोआप बंद पडलं.

केस कापणाऱ्या बाईचं काम वरून नाजूक दिसतं. दिवसभर उभं राहायचं, उजव्या हातात ड्रायर, डाव्यात ब्रश, आणि दोन्ही हात सतत छातीच्या वर. शिवाय तोंडाने गिऱ्हाइकाच्या सुनेच्या तक्रारींना हं हं करायचं. संध्याकाळी घरी आली की ती चपलाही न काढता पाच मिनिटं दाराजवळच्या स्टुलावर बसून राहायची. पाठ धरली होती म्हणून कुणा गिऱ्हाइकाने तिला या क्लासचं नाव सांगितलं. पहिल्या आठवड्यात मांड्यांवर काळेनिळे डाग घेऊन आली. आईने विचारलं, "कुणी मारलं गं?" खारू म्हणाली, "मीच." आई दोन दिवस बोलली नाही.

शेजारच्यांनी अर्थातच तोंडसुख घेतलं. तोकडे कपडे घालून दांड्याला मिठ्या मारायच्या, या वयात, वगैरे. तोकडे कपडे लागतात, कारण स्टीलला धरून ठेवते ती कातडी. कापड असलं की माणूस सरळ खाली. ही माहिती मी नंतर जिन्यात उभं राहून चारचौघांना दिली, तीही आवाज चढवून, कारण बहिणीला हसायचा हक्क माझा आहे, त्यांचा नाही. एकदा मी तिला सरळ विचारलं की तुला त्यात मिळतं तरी काय. ती म्हणाली, "तिथे मला कुणी 'मागून जरा अजून बारीक करा' असं म्हणत नाही." मला हे कारण पटलं. मी गाडी चालवायला शिकवतो. दिवसभर शेजारी बसून दुसऱ्याच्या चुका सोसणं म्हणजे काय ते मला सांगावं लागत नाही.

तर आठ वर्षं तिने हे केलं आणि खांबाने तिला एकदाही दगा दिला नाही. दगा दिला तो दुकानाच्या शटरने. ते मधेच अडकायचं, मालक दुरुस्त करतो करतो म्हणत होता, आणि एका संध्याकाळी खारूने कंटाळून उजव्या हाताने त्याला सगळं वजन टाकून हिसका दिला. शटर आलं नाही, खांदा गेला. आतला स्नायू फाटला होता. सगळ्या गल्लीने मात्र मान डोलावून ठरवून टाकलं की हे त्या खांबाचंच. सांगून सांगून मी थकलो, मग सोडून दिलं.

पुढचे महिने आठवले तरी अंग जड होतं. आधी हात झोळीत. मग फिजिओ. फिजिओ हा चांगला, शांत माणूस. त्याने तिला भिंतीसमोर उभं करून बोटं भिंतीवरून वर चालवायला लावली, एवढाच व्यायाम. डोक्याएवढ्या उंचीपर्यंत बोटं पोचायला तिला घाम फुटायचा. जी बाई उलटी लटकून टाळ्या वाजवायची तिला स्वतःचे केस बांधता येईनात. आई बांधून द्यायची, आणि आईचे हात थरथरतात, त्यामुळे केस कापणारी माझी बहीण कामावर वाकडी वेणी घालून जायची. दुकानात ती फक्त केस धुवायची आणि फोन घ्यायची. स्कूटर बंद, म्हणून न्यायचं-आणायचं माझ्याकडे आलं. दिवसभर शिकाऊ लोकांच्या शेजारी बसून मी घरी यायचो आणि परत गाडी काढायचो. मला वैताग यायचा, आणि तो मी लपवायचो असंही नाही.

खरा वैताग मात्र वेगळ्याच गोष्टीचा होता. आठवड्यातून दोनदा ती मला क्लासला सोडायला लावायची. काही करायला नाही, नुसतं बसायला. मोठी लाकडी जमिनीची खोली, एका भिंतीला आरसे, सहा खांब, कोपऱ्यात जाड गाद्यांची थप्पी. खारू आरशाला पाठ लावून बसायची आणि डाव्या हाताने स्पिरिटच्या फडक्याने खांब पुसून द्यायची, कारण घामाचा हात लागला की खांब निसरडा होतो. मी दाराबाहेरच्या बाकावर बसून दाराच्या काचेतून हे बघायचो.

"करायचं नाही तर जायचं कशाला?" मी एकदा गाडीत फाडकन विचारलं. "दुसऱ्यांना उड्या मारताना बघून जीव जळत नाही का तुझा?"

"जळतो."

"मग?"

"घरी बसले ना दादा, तर मी परत जाणार नाही. मला माहितीय मी कशी आहे. आठ दिवस नाही गेले की मला ते बरं वाटायला लागेल. लवकर जेवून पडायचं, टीव्ही बघायचा. मग संपलंच." तिने खिडकीबाहेर बघितलं. "मला आताच बरं वाटतं कधीकधी. भीती त्याचीच वाटते."

मी गिअर टाकला.

क्लास चालवणारी बाई खारूपेक्षा दहाएक वर्षांनी लहान. सगळे तिला कोच म्हणतात. तिचा तिथे एक नियम आहे आणि त्या नियमावर ती सगळा क्लास चालवते. नवीन माणूस पहिल्यांदा उलटा होतो तेव्हा खाली कुणीतरी उभं राहतं, एक हात कमरेखाली, एक खांद्याखाली. वरच्याला मांड्यांची पकड ठेवून खांबावरचे हात सोडायचे असतात, आणि जीव वर येतो तो तिथेच. खालच्याने नीट धरलं की तो मोठ्याने म्हणतो, "धरलंय." तो शब्द ऐकल्याशिवाय वरच्याने हात सोडायचे नाहीत, आणि खरंच धरलेलं नसताना तो शब्द कुणी उच्चारायचा नाही. गंमतीत म्हटला म्हणून कोचने एका मुलीला महिनाभर घरी बसवलं होतं. खारू या कामात पटाईत होती. तिच्या हातांखाली कितीतरी जणी पहिल्यांदा उलट्या झाल्या असतील. बायका म्हणायच्या, खारूताई खाली असल्या की वर भीती वाटत नाही.

म्हणूनच कोचने तिला विचारलं. गावाच्या दुसऱ्या टोकाला कोच अजून एक क्लास काढणार होती, आणि इथे चाळिशीच्या पुढच्या बायकांची सकाळची बॅच सुरू करायची होती. "त्या वयाच्या बायका माझ्याकडे बघून घाबरतात," कोच म्हणाली, "तुमच्याकडे बघून येतील. बॅच तुम्ही घ्या, ताई. फक्त खांदा बरा हवा. तुम्हाला धरता आलं पाहिजे." महिन्याभराने एका रविवारी येऊन करून दाखवायचं ठरलं. नाही जमलं तर बॅच वेणीवालीकडे. ती सत्ताविशीची, कमरेपर्यंत वेणी असलेली मुलगी, खारूच्याच हातांखाली शिकलेली.

त्या दिवशी खारू गाडीत बसली आणि बराच वेळ हसत होती. मी विचारलं एवढं काय झालं. म्हणाली, "दादा, मी न मागता कुणी मला काहीतरी दिलं, असं आठवतंय का तुला?" मी आठवून बघितलं. मला काही आठवलं नाही.

तिथून तिने खोटं बोलायला सुरुवात केली.

फिजिओ दर वेळी विचारायचा, दुखणं दहापैकी किती? ती म्हणायची, दोन. पुढच्या वेळीही दोन. तो बिचारा खूश होऊन ताणायला जड रबर द्यायचा, जास्त वजन द्यायचा. दुकानात तिने परत ड्रायर हातात घेतला, पण डाव्या. कुणी विचारलं तर, दोन्ही हातांची सवय करतेय. आईला म्हणाली, आता केस मीच बांधते, आणि दुसऱ्या दिवशी केस पार मानेपर्यंत कापून आली. आई म्हणाली, छान दिसतात. आईला कळलं नाही, मला कळलं. तीस वर्षं मी लोकांचे हातच बघत आलोय. गाडीत बसली की उजवा हात ती डाव्या हाताने उचलून मांडीवर ठेवायची, झोपलेलं मूल उचलून ठेवावं तशी.

"फिजिओला सांग," मी म्हटलं.

"काय सांगू?"

"मला शेंडी लावू नकोस. हात उचलत नाहीये तुझा."

"दमलाय. व्यायाम केला म्हणून."

"खारू."

"दादा, एक रविवार. तेवढा होऊ दे. मग हवं ते सांगते, हवा तेवढा आराम करते. वीस वर्षं मी लोकांच्या डोक्यांमागे उभी आहे. दोन तास, सकाळचे दोन तास तरी मला समोर उभं राहू दे." मग जरा थांबून, आवाज खाली आणून म्हणाली, "तू सांगणार नाहीस ना?"

मी चिडलो, बराच बोललो. मूर्ख आहेस, जन्माचा हात घालवशील, आईचं कोण करणार, सगळं काढलं. ती ऐकत राहिली. तिच्याशी भांडण्यात मजा नाही, कारण ती उत्तर देत नाही. आपलंच आपल्याला ऐकू येतं. शेवटी मीच गप्प झालो. सांगितलं मात्र नाही कुणाला. तिचा खांदा, तिची बॅच. शेहेचाळीस वर्षांच्या बाईची चुगली करायला मी काही तिचा वर्गमॉनिटर नव्हतो.

रविवारी सकाळी मला आत बसायची परवानगी मिळाली. मी चपला काढून गाद्यांच्या थप्पीशेजारी बसलो. कोच होती, वेणीवाली होती, आणि नव्या बॅचसाठी नाव दिलेल्या चौघी. त्यातल्या एक बाई पोस्टात काउंटरवर बसणाऱ्या, पन्नाशीच्या, चांगल्या भरभक्कम. त्या सारख्या म्हणत होत्या, "मी नुसती बघायला आलेय हं." त्यांनी ढगळ पायजमा घातला होता आणि त्याखाली आखूड चड्डी आहे हे सगळ्यांना दोनदा सांगितलं होतं.

खारू आधी स्वतः चढली. इथे या लोकांची एक खोड सांगायला हवी. प्रत्येकाची एक आवडती बाजू असते. सगळं शिकणं त्या बाजूने होतं आणि नावडती बाजू उद्यावर ढकलली जाते. कोच कानीकपाळी ओरडते, कुणी ऐकत नाही. खारूनेही आठ वर्षं उजवीच बाजू धरली होती. आता गेल्या काही आठवड्यांत ती गुपचूप डावीने शिकली होती, सगळं अगदी पहिल्यापासून. डावा हात वर, डाव्या खांद्याचा जोर, आणि ती उलटी झाली. थोडी डगमगली, पण झाली. पाय पसरले, हात सोडले. मुंडकं खाली असताना तिने माझ्याकडे बघून डोळा मारला. बायकांनी टाळ्या वाजवल्या. खोटं कशाला बोलू, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, जमलं हिला. मला वाटलं, माझंच चुकत होतं.

"मस्त," कोच म्हणाली. "आता एकीला धरा."

पोस्टातल्या बाई पायजमा काढून पुढे कशा आल्या ते त्यांनाही कळलं नसेल. खारू त्यांच्याशी इतकं हळू, इतकं साधं बोलत होती की मीसुद्धा चढलो असतो. "इथे पकडा. गुडघा वर. घाबरलात तरी चालेल, घाबरूनच होतं हे." बाई फुसफुसत, देवाचं नाव घेत, एक पाय मारून दुसऱ्या खेपेला उलट्या झाल्या. मांड्या खांबाला घट्ट. चेहरा लालबुंद. दोन्ही हातांनी खांब आवळून धरलेला. खाली जाड गादी होतीच, पण मानेवर येणाऱ्या माणसाला गादी किती पुरणार?

खारूने डावा हात त्यांच्या कमरेखाली घातला. उजवा खांद्याखाली न्यायचा होता. तो तिने वर नेला. मी बघत होतो. हात छातीपर्यंत गेला, बोटं बाईंच्या पाठीला टेकली, आणि कोपर थरथरायला लागलं. बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही हात जागेवर होते. कोचलाही तसंच दिसलं असणार, कारण ती हसत मान हलवत होती.

"धरलंय?" वरून बाईंनी विचारलं. त्यांचा आवाज लहान मुलीसारखा झाला होता. "ताई, धरलंय ना? सोडू का?"

खोलीत सगळे थांबले. खारूच्या तोंडून तो शब्द यायला जेवढा वेळ लागायचा त्यापेक्षा जास्त वेळ गेला. मला तिचा चेहरा आरशात दिसत होता. तिथे तिची बॅच होती, तिचे सकाळचे दोन तास होते, आणि बाई हलक्या असत्या किंवा नशीब बरं असतं तर कुणाला काही कळलंही नसतं. पकड चांगली होती त्यांची. बहुतेक काही झालं नसतं.

"नाही," खारू म्हणाली. "सोडू नका. मी धरलेलं नाही."

"म्हणजे?"

"माझा हात चालत नाहीये. तुम्ही खांब घट्ट धरून ठेवा, काही होत नाही. कोच, इकडे ये. लवकर."

कोच धावलीच. वेणीवालीही धावली. दोघींनी मिळून बाईंना अलगद खाली घेतलं. बाई गादीवर बसून हसायला लागल्या, मग रडायला लागल्या, मग परत हसल्या. खारू भिंतीला टेकून उभी होती आणि उजवा हात डाव्या हातात धरला होता. कोच तिच्याजवळ गेली, हळू आवाजात काहीतरी बोलली. खारूने मान हलवली. कोचने तिच्या गालावर हात ठेवला आणि पटकन काढून घेतला. बॅच वेणीवालीकडे गेली हे कुणी मोठ्याने सांगितलं नाही. तशी गरजही नव्हती.

गाडीत बसल्यावर खारू रडली. आवाज करून, नाक पुसत, लहान असताना रडायची तशी. मी गाडी सुरू केली नाही. समजूत कशी घालायची ते मला कधीच जमलेलं नाही, म्हणून मी खण उघडून फडकं दिलं. ते काच पुसायचं होतं. तिने घेतलं.

"म्हणता आलं असतं मला," ती म्हणाली. "तोंडावर आलं होतं, दादा. तुला, आईला, फिजिओला, सगळ्यांना बरंय बरंय म्हणत आले. अजून एकदा म्हणायचं होतं फक्त."

"मग का नाही म्हटलंस?"

"ती हात सोडणार होती ना."

मला तिचा इतका अभिमान वाटला आणि तिची इतकी दया आली की दोन्ही एकदम सांगणं शक्य नव्हतं. मी विचारलं, "चहा?" ती म्हणाली, "नको. दमले. घरी चल."

फिजिओला तिने दुसऱ्या दिवशी खरं सांगितलं. तो शांत माणूस पहिल्यांदाच चिडला, आणि मग त्याने तिला पुन्हा भिंतीसमोर उभं केलं. बोटं भिंतीवर, हळूहळू वर. महिने गेले होते आणि आम्ही परत पहिल्याच भिंतीपाशी. संध्याकाळी वर माझ्या घरात बसलो की मला खालचं काही ऐकू येत नाही, पण ती तिथे भिंतीसमोर उभी असेल हे कळायचं आणि जेवण गोड लागायचं नाही. क्लासचं नाव तिने काढलं नाही. मीही काढलं नाही. मला मोकळ्या संध्याकाळी मिळायला लागल्या, ज्यासाठी मी इतके दिवस कुरकुरत होतो, आणि त्यांचं काय करायचं ते मला सुचेना. तिने सांगितलेलं मला आठवत होतं, आठ दिवस नाही गेले की बरं वाटायला लागेल. मी दिवस मोजत नव्हतो असं म्हणणार नाही.

मग एका सकाळी, मी पहिल्या शिकाऊ गिऱ्हाइकाकडे निघत असताना, ती जिन्यात भेटली. तोकड्या कपड्यांवर आईचा जुना स्वेटर, केस विस्कटलेले, चेहरा झोप न झाल्यासारखा. "सोडतोस का क्लासला?" म्हणाली. "वाटेतच आहे ना तुझ्या?"

अजिबात वाटेत नव्हतं. मी म्हटलं, "बस."

दारापाशी पोचल्यावर मला कळलं की ही चाळिशीच्या पुढच्यांची बॅच होती, तिच्या हातून गेलेली. तिने त्यात नाव घातलं होतं, शिकणारी म्हणून. फिजिओने खांबाला धरून जमिनीवरूनच करायचं एवढी मुभा दिली होती, त्यापेक्षा जास्त काही नाही. मी आत गेलो नाही. दार अर्धं उघडं होतं. वेणीवाली तिला बघून गोरीमोरी झाली. "ताई, तुम्ही पुढे या ना, माझ्याशेजारी," ती म्हणाली. खारूने मान हलवली आणि मागच्या ओळीत, पोस्टातल्या बाईंच्या बाजूला जाऊन उभी राहिली.

वेणीवालीने एकेकीला विचारलं, आजवर काय केलंय आणि कशासाठी आलात. कुणी म्हणालं वजन, कुणी म्हणालं मुलीने ढकललं, पोस्टातल्या बाई म्हणाल्या, "मला एकदा हात सोडायचेत." सगळ्या हसल्या. खारूची पाळी आली. आठ वर्षांचं तिने काही काढलं नाही.

"माझा उजवा खांदा खूप दुखतो," ती म्हणाली. "जमेल तेवढं करीन. नाही जमलं तर सांगेन."